लेसरद्वारे त्वचेचे पुनर्नवीकरण : उपचारातून काय अपेक्षावे आणि काय नाही

मुरमांमुळे चेहऱ्यावर पडलेले खड्डे, अपघाताचे वा शस्त्रक्रियेचे व्रण आणि उन्हाने व वयाने आलेल्या सुरकुत्या कमी करण्यासाठी त्वचेच्या पृष्ठभागावर लेसर किरणांचा नियंत्रित मारा केला जातो. या उपचारास लेसर रिसर्फेसिंग असे म्हणतात. एकेकाळी महानगरांतील मोजक्या रुग्णालयांपुरता मर्यादित असलेला हा उपचार आता जिल्ह्याच्या ठिकाणच्या दवाखान्यांतूनही मिळू लागला आहे. जाहिरातींत त्याचे वर्णन बहुधा ‘तासाभराचे काम’ असे केले जाते. किरणोपचाराला तासाभराहून अधिक वेळ क्वचितच लागतो, हे खरे आहे. मात्र त्यानंतरचे एक-दोन आठवडे आणि पुढील काही महिने उपचाराचाच भाग असतात, याची कल्पना अनेकांना खुर्चीवर बसेपर्यंत दिली जात नाही.

हा उपचार म्हणजे वैद्यकीय देखरेखीखाली जाणीवपूर्वक केलेली सूक्ष्म जखम होय. ती भरून येताना शरीर जी नवी त्वचा आणि नवे कोलॅजेन तयार करते, त्यातून सुधारणा घडते. त्यामुळे जखम किती खोल केली, ती कोणाच्या त्वचेवर केली आणि भरून येताना तिची निगा कशी राखली, या तीन गोष्टींवर यशापयश अवलंबून असते.

तंत्र कसे विकसित झाले

पहिला लेसर अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये माणकाच्या स्फटिकापासून कार्यान्वित केला. त्वचेच्या पुनर्नवीकरणासाठी आजही ज्याचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो, त्या कार्बन डायऑक्साइड लेसरचा शोध १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी लावला. पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामती येथे झाला असून त्यांनी अभियांत्रिकीची पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून घेतली होती.

या लेसरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यातील आहे. पाणी ही ऊर्जा वेगाने शोषून घेते. त्वचेच्या पेशींत पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने किरण पडताच त्या पेशींचे बाष्पीभवन होते आणि त्याखालील थर तापतो. उष्णतेमुळे जुने कोलॅजेन तंतू आकसतात व नवे तंतू तयार होण्याची प्रक्रिया सुरू होते. २,९४० नॅनोमीटरच्या अर्बियम-याग लेसरची ऊर्जा पाणी आणखी तीव्रतेने शोषते. त्यामुळे तो थर अधिक नेमकेपणाने काढतो आणि आजूबाजूला कमी उष्णता सोडतो.

सुरुवातीच्या काळात चेहऱ्याची वरची त्वचा सलगपणे काढली जात असे. परिणाम ठळक दिसत, परंतु रुग्णाला दोन आठवडे उघड्या जखमेसह घरी राहावे लागे आणि लाली काही महिने टिकत असे. २००४ साली अमेरिकेतील मॅनस्टाइन, अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फ्रॅक्शनल’ पद्धतीची संकल्पना मांडली. या पद्धतीत किरण सूक्ष्म बिंदूंच्या जाळीच्या रूपात सोडले जातात. प्रत्येक बिंदूखाली उष्णतेने बाधित असा एक बारीक स्तंभ तयार होतो, तर दोन स्तंभांमधील त्वचा अबाधित राहते. या निरोगी पट्ट्यांतून पेशी सरकत येऊन जखम लवकर भरते. भारतात आज होणारे बहुतांश उपचार या प्रकारात मोडतात.

उपचाराचे प्रमुख प्रकार

सल्ला घेताना आपल्यावर कोणत्या प्रकारचा लेसर वापरला जाणार आहे, हे रुग्णाने जाणून घ्यावे. नाव एकच असले तरी त्यांतील अनुभव फार वेगवेगळे असतात.

पहिला प्रकार संपूर्ण थर काढणारा. तो खोल सुरकुत्या व उन्हाने तीव्र बाधित झालेल्या गोऱ्या त्वचेसाठी विकसित झाला. सावळ्या त्वचेवर त्यातील जोखीम मोठी असल्याने भारतात तो संपूर्ण चेहऱ्यासाठी क्वचितच निवडला जातो.

दुसरा प्रकार थर काढणारा परंतु फ्रॅक्शनल. कार्बन डायऑक्साइड किंवा अर्बियम-याग लेसर जाळीच्या रूपात वापरला जातो. मुरमांचे खड्डे व जुने व्रण यांसाठी हा प्रकार प्रचलित आहे. खपल्या पडून जाण्यास साधारणतः पाच ते दहा दिवस लागतात. दोन सत्रांमध्ये बहुधा सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवले जाते.

तिसरा प्रकार थर न काढणारा फ्रॅक्शनल. १,५५० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण वरची त्वचा शाबूत ठेवून आतील थर तापवतात. लाली व सूज दोन ते चार दिवसांत ओसरते. सुधारणा मात्र हळूहळू होते आणि महिन्याच्या अंतराने तीन ते सहा सत्रे लागू शकतात.

केस काढण्याचा लेसर, चामखीळ वा तीळ जाळणे आणि ‘कार्बन फेशियल’सारख्या नावांनी केले जाणारे सौम्य उपचार यांचा रिसर्फेसिंगमध्ये समावेश होत नाही. लेसरने त्वचेचा मूळ वर्ण उजळतो, हा समजही चुकीचा आहे. रिसर्फेसिंगचे काम पृष्ठभागाचा पोत सुधारण्याचे आहे.

भारतीय त्वचेचा प्रश्न

या उपचाराविषयी भारतीय वाचकाने सर्वांत आधी समजून घ्यावी अशी बाब म्हणजे त्वचेचा रंग आणि जखमेचा संबंध. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडलेल्या वर्गीकरणात त्वचेचा उन्हाला मिळणारा प्रतिसाद पाहून प्रकार ठरवले जातात. आज वापरात असलेल्या या वर्गीकरणात सहा प्रकार असून भारतीयांची त्वचा बहुतांशी तिसऱ्या ते सहाव्या प्रकारात येते. या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी अधिक सक्रिय असतात. त्यामुळे उन्हापासून संरक्षण मिळते, पण भाजणे, खरचटणे, मुरूम फोडणे अशा कोणत्याही दाहानंतर त्या जागी काळा डाग उमटतो. डास चावल्याची खूण महिनाभर राहणाऱ्या व्यक्तीला हे वेगळे सांगावे लागत नाही.

लेसरची जखमही याच नियमाने वागते. उपचारानंतर दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यादरम्यान, म्हणजे लाली ओसरून सारे ठीक झाल्यासारखे वाटत असतानाच, उपचार केलेला भाग काळवंडू शकतो. सावळ्या त्वचेवर दिसणारा हा सर्वांत सामान्य दुष्परिणाम आहे. बहुतेकांच्या बाबतीत तो काही आठवड्यांत वा महिन्यांत योग्य मलमे व कटाक्षाने केलेले उन्हापासूनचे संरक्षण यांमुळे फिका होतो. परंतु लग्न, साखरपुडा किंवा नोकरीची मुलाखत जवळ आली असताना घाईने उपचार करून घेणाऱ्यांसाठी हाच काळ सर्वाधिक मनस्तापाचा ठरतो. म्हणून महत्त्वाच्या प्रसंगाच्या किमान तीन ते सहा महिने आधी उपचार पूर्ण व्हावेत, असे नियोजन करणे हिताचे आहे.

सावळ्या त्वचेवर लेसर वापरूच नये, असा याचा अर्थ नाही. कमी घनतेची जाळी, दोन सत्रांत पुरेसे अंतर आणि आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला छोट्या जागेवर चाचणी घेऊन चार ते सहा आठवडे वाट पाहणे, या मार्गांनी जोखीम पुष्कळ कमी करता येते. चाचणीस नकार देणाऱ्या किंवा तिची आवश्यकता कधीच नसते असे सांगणाऱ्या ठिकाणी रुग्णाने पुनर्विचार करावा.

वांग हा स्वतंत्र विषय आहे. गालांवर व कपाळावर येणारे हे तपकिरी डाग ऊन, उष्णता आणि संप्रेरके यांच्याशी निगडित असतात. लेसरच्या उष्णतेने ते तात्पुरते फिके होऊन नंतर अधिक गडद झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. त्यामुळे वांगासाठी रिसर्फेसिंग हा पहिला उपाय मानला जात नाही.

कोणासाठी योग्य, कोणी थांबावे

मुरमांचे व्रण सर्व एकाच प्रकारचे नसतात. उथळ, सपाट तळाच्या व्रणांना फ्रॅक्शनल लेसर चांगला प्रतिसाद देतो. सुईने टोचल्यासारखे अरुंद व खोल खड्डे लेसरने फारसे भरत नाहीत. त्यांसाठी तीव्र आम्लाचा बिंदुमात्र वापर अथवा सूक्ष्म शस्त्रक्रिया केली जाते. लाटांसारख्या उंचसखल व्रणांत त्वचा आतून तंतूंनी खाली ओढलेली असते. ते तंतू आधी सुईने मोकळे करावे लागतात. अनेक चेहऱ्यांवर तिन्ही प्रकार एकत्र असल्याने ‘फक्त लेसर’ हे उत्तर अपुरे ठरते. रंगद्रव्यावर अवलंबून नसलेली सूक्ष्म सुयांची व रेडिओ लहरींची पद्धत हाही काहींसाठी पर्याय असतो.

मुरूम अद्याप सक्रिय असतील, तर प्रथम त्यांचा उपचार होणे आवश्यक आहे. गरोदरपणात हा उपचार पुढे ढकलला जातो. जखमेच्या जागी वाढत जाणारी गाठ, म्हणजे केलॉइड, होण्याची प्रवृत्ती, कोड, सोरायसिस, अनियंत्रित मधुमेह किंवा चेहऱ्यावर चालू असलेला संसर्ग असल्यास डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. कोड व सोरायसिस असलेल्यांमध्ये जखम झालेल्या जागी नवे चट्टे उमटू शकतात. ओठांवर वारंवार हर्पिसचे फोड येत असतील, तर उपचारापूर्वीच विषाणुरोधक गोळ्या सुरू केल्या जातात; अन्यथा ताज्या जखमेवर तो संसर्ग चेहराभर पसरण्याचा धोका असतो.

मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतलेल्यांनी उपचारापूर्वी किमान सहा महिने थांबावे, असा दंडक पूर्वी होता. थर न काढणाऱ्या व सौम्य फ्रॅक्शनल उपचारांच्या बाबतीत तज्ज्ञांनी तो आता शिथिल केला आहे. संपूर्ण थर काढणाऱ्या लेसरबाबत मात्र ही सावधगिरी कायम आहे.

भारतात आणखी एक प्रश्न आवर्जून विचारला जायला हवा. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली, स्टेरॉइड मिसळलेली ‘गोरेपणाची’ मलमे अनेकजण महिनोन्महिने वापरतात. त्यामुळे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम थांबवताच दाह उसळतो. अशा त्वचेवर लेसर केल्यास हानीची शक्यता वाढते. वापरलेल्या प्रत्येक मलमाची नळी किंवा तिचे छायाचित्र डॉक्टरांना दाखवणे, हा साधा व उपयुक्त मार्ग आहे.

उपचाराची तयारी

उपचाराआधी दोन ते चार आठवडे कडक ऊन टाळावे. सुट्टीत समुद्रकिनारी किंवा डोंगरावर जाऊन त्वचा रापली असेल, तर तारीख पुढे ढकलावी. ब्लीच, वॅक्सिंग आणि खरखरीत स्क्रब दोन आठवडे आधी बंद करावेत. रात्री लावण्याचे ट्रेटिनॉइनसारखे मलम कधी थांबवायचे, हे डॉक्टर ठरवतात. रक्त पातळ करणारी औषधे स्वतःच्या निर्णयाने बंद करू नयेत. धूम्रपानामुळे जखम भरण्यास विलंब होतो.

ऋतूचाही विचार करावा. मैदानी प्रदेशातील मार्च ते जून हा काळ नव्या त्वचेसाठी प्रतिकूल असतो, म्हणून अनेक तज्ज्ञ हिवाळ्याला प्राधान्य देतात. शेतावर, बांधकामावर किंवा दिवसभर दुचाकीवर काम करणाऱ्यांना आठवडाभर सावलीत राहणे शक्य नसेल, तर तसे आधीच सांगावे. त्यानुसार सौम्य प्रकार निवडता येतो किंवा उपचार टाळता येतो.

उपचाराच्या दिवशी

प्रथम चेहरा स्वच्छ धुऊन निश्चित प्रकाशात व ठरावीक कोनांतून छायाचित्रे घेतली जातात. पुढील तुलनेसाठी ती महत्त्वाची असतात. त्यानंतर भूल देणाऱ्या मलमाचा थर साधारण पाऊण ते एक तास ठेवला जातो. हे मलम ठरवलेल्या मात्रेतच वापरायचे असते. मोठ्या भागावर जाड थर लावून ते फार वेळ ठेवल्यास औषध रक्तात शोषले जाऊन विषबाधा होऊ शकते. खोल उपचारांसाठी इंजेक्शनने भूल किंवा गुंगी दिली जाते.

किरण सुरू करण्यापूर्वी रुग्णाच्या डोळ्यांवर संरक्षक कवच बसवले जाते. पापण्यांजवळ काम असल्यास धातूचे कवच आवश्यक असते. खोलीतील प्रत्येकाने त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा घालणे अनिवार्य आहे. बाष्पीभवनातून निघणारा धूर शोषून घेणारे यंत्र जवळ चालू असावे, कारण त्या धुरात पेशींचे व विषाणूंचे अंश असू शकतात. मद्यार्कयुक्त द्रव पूर्ण वाळल्याशिवाय लेसर सुरू करू नये, कारण तो पेट घेऊ शकतो. ही व्यवस्था दिसत नसेल, तर रुग्णाने त्याविषयी विचारणा करणे गैर नाही.

प्रत्यक्ष उपचारास वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. तापलेल्या रबराचा फटका बसावा, तशी जाणीव होते आणि जळल्याचा वास येतो. वेदना असह्य झाल्यास तत्काळ सांगावे.

पहिले दोन आठवडे

पहिल्या काही तासांत तीव्र उन्हाने भाजल्यासारखी आग होते. थंड पट्ट्यांनी ती बहुधा त्याच दिवशी कमी होते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. पापण्या सुजून सकाळी डोळे उघडणे अवघड जाऊ शकते. उशी उंच ठेवून झोपल्यास सूज लवकर ओसरते. थर काढणाऱ्या प्रकारात पहिले एक-दोन दिवस पातळ पिवळसर स्राव येतो. त्यानंतर चेहऱ्यावर कॉफीच्या पुडीसारखे बारीक तपकिरी ठिपके दिसू लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्वचा कोरडी पडते, ओढल्यासारखी वाटते व खाजते. पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान खपल्या आपोआप गळून पडतात आणि खाली गुलाबीसर, कोवळी त्वचा दिसते.

या काळातील निगा साधी असते, पण ती काटेकोरपणे पाळावी लागते. दिवसातून दोन-तीन वेळा उकळून गार केलेल्या पाण्याने चेहरा हलक्या हाताने धुऊन पेट्रोलियम जेलीचा पातळ थर सतत राहील असे पाहावे. खपली नखाने काढू नये. अकाली निघालेल्या खपलीखाली डाग किंवा नवा व्रण राहतो. पुरुषांनी दाढी डॉक्टरांनी सांगेपर्यंत करू नये. स्वयंपाकघरातील धग, वाफ घेणे आणि घाम येईल असा व्यायाम आठवडाभर टाळावा. हळद, लिंबू, कोरफडीचा ताजा गर किंवा बेसनाचा लेप हे घरगुती उपाय निरोगी त्वचेवर निरुपद्रवी वाटले, तरी उघड्या जखमेवर ते दाह व संसर्ग निर्माण करू शकतात. हळदीचा कार्यक्रम किंवा रंगपंचमी या काळात येणार असेल, तर त्याचा आधीच विचार व्हावा.

त्वचा बंद झाली की ३० वा अधिक एसपीएफचे सनस्क्रीन सुरू केले जाते. बाहेर असताना ते दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे लागते. सावळ्या त्वचेवर दृश्य प्रकाशानेही डाग गडद होत असल्याने लोह ऑक्साइड असलेले रंगछटायुक्त सनस्क्रीन अधिक उपयुक्त ठरते. रुंद काठाची टोपी, छत्री किंवा ओढणी यांची जोड असावी. हे संरक्षण किमान तीन महिने खंड न पडता चालू ठेवणे आवश्यक आहे.

धोक्याची लक्षणे

आग व सूज दिवसेंदिवस कमी होत जाणे, हे सामान्य लक्षण आहे. तिसऱ्या दिवसानंतर वेदना वाढणे, पू किंवा दुर्गंधी येणे, पाणी भरलेल्या बारीक फोडांचे पुंजके उमटणे, ताप येणे किंवा डोळ्यांत वेदना होणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हे जिवाणूंचे, विषाणूंचे वा बुरशीचे संसर्ग असू शकतात आणि उशीर झाल्यास कायमचा व्रण राहतो. एखादी जागा अनेक आठवडे लाल, कडक व उंचावलेली राहिली, तर ती जाड व्रणाची सुरुवात असू शकते. त्यावर लवकर उपचार केल्यास आळा बसतो. काही रुग्णांत अनेक महिन्यांनी उपचार केलेला भाग आजूबाजूच्या त्वचेपेक्षा पांढुरका पडतो. हा परिणाम तुलनेने विरळ असला, तरी बहुधा कायमचा असतो.

परिणाम किती आणि कधी

खपल्या गेल्यानंतर दिसणारी तुकतुकी अंशतः सुजेमुळे असते. सूज ओसरताच खड्डे पूर्वीसारखेच दिसू लागल्याने काहींची निराशा होते. कोलॅजेनची पुनर्रचना तीन ते सहा महिने चालू राहत असल्याने खरे मूल्यमापन त्यानंतरच करावे. व्रण उथळ होतात, त्यांच्या कडा मवाळ होतात आणि तिरप्या प्रकाशात पडणारी सावली कमी होते. पूर्णपणे गुळगुळीत त्वचेची हमी कोणताही जबाबदार डॉक्टर देत नाही. वय व ऊन यांचा परिणाम पुढेही चालूच राहतो, म्हणून सुरकुत्यांवरील परिणाम कायमस्वरूपी नसतो.

खर्च, संमती आणि हक्क

खर्च शहर, यंत्र व सत्रांची संख्या यांनुसार बदलतो. एका सत्राची रक्कम विचारून निर्णय न घेता अपेक्षित सर्व सत्रे, औषधे, सनस्क्रीन आणि गुंतागुंत झाल्यास होणाऱ्या तपासण्या यांसह लेखी अंदाज मागावा. सौंदर्यवर्धनासाठी केलेल्या उपचारांचा खर्च आरोग्य विम्यात साधारणतः मिळत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेस अपवाद असू शकतो, म्हणून अशा रुग्णांनी विमा कंपनीकडे आधी लेखी विचारणा करावी.

उपचार करणारी व्यक्ती त्वचारोगशास्त्रातील किंवा प्लास्टिक शस्त्रक्रियेतील पदव्युत्तर पात्रता असलेली आणि राज्य वैद्यक परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे पाहावे. सल्ला तज्ज्ञाने द्यायचा आणि यंत्र मात्र अप्रशिक्षित कर्मचाऱ्याने चालवायचे, असे होणार नाही याची खातरजमा करावी. ब्युटी पार्लरमध्ये त्वचेचा थर काढणारा लेसर करून घेऊ नये.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात रुग्णाच्या संमतीबाबत महत्त्वाचा निर्णय दिला. उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके व उपलब्ध पर्याय यांची पुरेशी माहिती देऊन मिळवलेली संमतीच ग्राह्य ठरते, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. त्यामुळे संमतिपत्र समजेल अशा भाषेत समजावून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील ज्येष्ठांनी गरज भासल्यास भाषा जाणणाऱ्या नातेवाइकाला सोबत न्यावे. वैद्यकीय नोंदींची मागणी केल्यावर त्या ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. वापरलेले यंत्र, तीव्रता आणि तारीख यांची नोंद जवळ असल्यास पुढील डॉक्टरांना उपचार करणे सुलभ होते. सेवेतील त्रुटीबाबत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दाद मागता येते.

पहिल्या भेटीत विचारण्याजोगे प्रश्न थोडकेच आहेत. माझ्या त्वचेचा प्रकार कोणता? माझ्या व्रणांपैकी किती लेसरने सुधारतील? यंत्र कोण चालवणार? चाचणी कधी घेणार? चेहरा काळवंडला तर पुढे काय, आणि रात्री-अपरात्री त्रास झाल्यास संपर्क कोणाशी साधायचा? या प्रश्नांची उत्तरे घाई न करता देणारा आणि प्रसंगी ‘तुम्हाला लेसरची गरज नाही’ असे सांगणारा डॉक्टर निवडणे, हे यंत्राच्या निवडीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.